आखणीचा कुंचला

रावजी सुताराच्या पोटात दुखायला लागलं ते ऐन श्रावणात, आणि हे दुखणं वैद्याला दाखवण्यातलं नव्हतं. त्याच्या बायकोने, सोनूबाईने, ते पहिल्याच दिवशी ओळखलं. पंचवीस वर्षं ती या माणसाचं तोंड बघत आली होती. पण दुखणं कळायचं तर आधी त्याची गणपतीची शाळा कळायला हवी.

रत्नागिरीत मांडवीच्या अलीकडे रावजीचं घर होतं. वर्षातले आठ महिने तो दारं, पाळणे आणि होड्यांची डागडुजी करी. पावसाने जोर धरला की रंधा-पटाशी खुंटीला लागायची आणि पडवीत मातीचे ढीग पडायचे. तयार गणपती विकत आणायची रीत तेव्हा आमच्याकडे नव्हती. ज्याच्या त्याच्या घरी गणपतीचा लाकडी पाट असे, आजा-पणजाच्या वेळेपासूनचा. आषाढात घरधनी तो पाट आणि वर एक सुपारी घेऊन शाळेत यायचा, आणि त्याच पाटावर त्याच्या घरचा गणपती घडायचा. रावजीचा बाप गंगाराम याने शाळा घातली तेव्हा आळीतलेच पाट येत. रावजीच्या हाती ती आली आणि पडवी अपुरी पडू लागली.

माती कोणीही मळावी, रंग कोणीही द्यावा, पण डोळे आखायचे ते रावजीनेच. रंगवून, दागिने घालून बसवलेला गणपतीसुद्धा आखणी होईपर्यंत मातीचा गोळाच. खारीच्या शेपटीच्या केसांचा एक बारीक कुंचला गंगारामने जन्मभर जपला होता, आणि जाण्याआधी तो रावजीच्या हातात दिला होता, धाकट्या भिकाजीच्या नाही. लोक विचारत, रावजी, तुझ्यामागे डोळे कोण आखणार? रावजी सुस्कारा टाकी आणि देवाकडे बोट दाखवी. आतून त्याला भारी गोड वाटे. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, मुलगा नाही. आपण गेल्यावर अर्ध्या रत्नागिरीचे गणपती आंधळे राहतील, हा विचार त्याला जेवणानंतरच्या पानासारखा लागायचा.

मुंबईच्या गिरण्यांतला तो मोठा संप झाला, त्यानंतर भिकाजी बायकोला, मथुराला, घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. त्याच्या हातात कला नव्हती, पण डोकं होतं. पहिल्या वर्षी त्याने नुसती शाळा बघितली. दुसऱ्या वर्षी चैत्रातच त्याने भावाला समोर बसवलं आणि सांगितलं की आपण आहोत तसेच राहिलो तर पडवीपुरते राहू. भाट्याच्या खाडीपलीकडे, गोळप-पावसच्या अंगाला, शाळा चालवणारा म्हातारा वारला होता. तिकडची माणसं पाट घेऊन कुठे जाणार? आपल्याकडे येतील, पण त्याआधी आपलं घर सावरलेलं पाहिजे.

आणि सावरलं त्याने. चिकणमाती दरवर्षी पावसात उकरून ओलीच आणायचे. भिकाजीने ती वैशाखात आणून, वाळवून, चाळून पेंढ्याखाली ठेवली. परसात झापांचा मांडव घातला आणि आत धगीसाठी चुली मांडल्या, म्हणजे पावसाच्या दमटपणात मूर्ती सुकायला अडू नये. कोणाचा पाट कोणता हे तोवर रावजीच्या डोक्यात असे. भिकाजीने प्रत्येक पाटाच्या पाठीमागे पटाशीने खूण केली आणि वाडीवार फळ्या लावल्या. पाट ज्येष्ठातच आणून द्या असं लोकांना सांगितल्यावर थोडी कुरकुर झाली, आषाढाआधी देवाचा पाट घराबाहेर काढत नाहीत म्हणून. पण रावजीने आपण होऊन देवळात जाऊन चार जाणत्यांची समजूत घातली. मूर्तींच्या बैठका करायला धोंडू नावाचा गडी ठेवला. धड भिकाजीचं, माती आणि पितांबराचा रंग दोघी जावांचा, सोंड आणि चेहरा रावजीचा. रावजीला हे सगळं इतकं पसंत पडलं की बंदरावर जाऊन तो ‘मी शाळा वाढवतोय’ असं सांगत सुटला. भिकाजीचं नाव त्यात आलं नाही, आणि भिकाजीनेही ते मनावर घेतलं नाही.

नागपंचमीच्या सुमाराला मांडव भरला. मग एका दुपारी भिकाजी हात धुऊन भावाजवळ येऊन बसला. म्हणाला, “दादा, सगळं पुढं सरकतं नि तुज्याकडं येऊन थांबतं. डोळे आखायला आणखी एक हात पायजे.”

रावजीने मुंडासं सारखं केलं. “डोळे मी आखतो. बापूस गेल्यापासून मीच आखतो. तुजी गिरण मुंबईत ठेव.”

विषय तिथे संपला असता. पण दुसऱ्या दिवशी सोंड तुटलेल्या, पुन्हा भिजवायला बाजूला ठेवलेल्या एका मूर्तीवर रावजीची नजर गेली आणि तो जागच्या जागी उभा राहिला. मूर्तीला डोळे होते. नुसते डोळे नव्हते. कुठेही उभं राहा, ते तुमच्याकडेच बघत होते. पापणीची रेघ एका दमात ओढलेली, शेवटाला किंचित वर गेलेली. बाप परत आला की काय असं त्याला क्षणभर वाटलं, आणि अंगावर काटा आला. मग काटा ओसरला आणि जे आलं ते काही केल्या ओसरेना.

त्याने भिकाजीला हाक मारून विचारलं. भिकाजी म्हणाला, मला सरळ रेघ मारता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. धोंडूला विचारण्यात अर्थ नव्हता. सोनूबाई चुलीवर रंगात घालायची खळ ढवळत होती, ती जरा जास्तच मन लावून ढवळत होती. तिच्या मागे पदर पुढे ओढून मथुरा उभी होती. रावजीला कळलं.

आता एक सांगायला हवं. मथुरा घरात येऊन आठ वर्षं झाली होती, त्यातली पहिली सहा मुंबईला गेली, पण या आठ वर्षांत रावजी तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर पदर घेऊन बाजूला व्हावं आणि भासऱ्याने काही सांगायचं ते आपल्या बायकोच्या तोंडून सांगावं, अशी घरची चाल होती. म्हणून त्याने सोनूबाईला विचारलं, हे कोणी शिकवलं? सोनूबाईने सांगितलं की मथुराचे वडील अंजनवेलला मचव्यांच्या नाळीवर, पुढच्या टोकाला, डोळे आणि मासे रंगवायचे, ती लहानपणी त्यांच्या हाताखाली असायची. तिच्याकडे कुंचला नव्हता. नारळाच्या झावळीच्या हिराला आपलेच केस बांधून तिने आखणी केली होती.

रावजीने ती मूर्ती उचलली, मांडवाबाहेर नेली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली. डोळे विरले, पाणी काळपट झालं. त्याला बरं वाटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो बायकोला म्हणाला की बायकांच्या हाताला ओल असते, त्यांनी मातीपुरतंच बघावं.

त्या दिवसापासून गंगारामचा कुंचला रावजीच्या मुंडाशात गेला. जेवताना तिथेच, झोपताना उशाखाली. मथुराने केलेली आमटी त्याला खारट लागू लागली, ती घरात नसताना सोनूबाईने केलेलीही खारट लागू लागली. ती रंग देत असली की तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिच्या हाताकडे बघे. पितांबराच्या काठाची रेघ ती ओढायची ती कुठे थांबत नसे. रावजीच्या मनात येई, आता चुकेल, आता हात हलेल. नाही हलला की त्याला अन्न गोड लागत नसे. आणि हे सगळं कोणासाठी? जिच्याशी तो बोललासुद्धा नव्हता, जिचा चेहरा त्याने धड बघितला नव्हता, तिच्यावर हा गृहस्थ रात्रंदिवस जळत होता. त्यालाही त्याची लाज वाटे, आणि लाज वाटली की तो आणखी जळे.

जळण्याचं आणखी एक कारण होतं, ते त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपासून त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं. समुद्रातलं शीड तो घरबसल्या ओळखी, पण मूर्ती मांडीवर घेतली की चेहऱ्यावर धुकं उतरायचं. सवयीने हात जाई तिथे डोळे उमटत. म्हणून त्याला घाई करता येत नव्हती, आणि म्हणूनच आणखी एक हात नको होता. दुसरा हात आला की पहिल्याची गरज काय, एवढं त्याला समजत होतं.

चतुर्थी जवळ आली. धडं झाली, रंग झाले, मांडवात ओळीने गणपती बसले आणि सगळे रावजीसाठी खोळंबले. गोळपची माणसं पहिल्यांदाच आली होती. त्यांचा पुढारी महिपत पाट द्यायला आला तेव्हाच त्याने सांगून ठेवलं होतं की आमची मंडळी खाडी तरीने उतरून, पुढे डोक्यावरून नेणार, त्यामुळे आम्हाला हरितालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी गणपती हवेत. हे लोक खूश झाले तर पुढच्या वर्षी पावस गावही येणार होतं. नाराज झाले तर मांडव, चुली, वैशाखातली माती, सगळं फुकट, आणि शाळा पुन्हा पडवीत. भिकाजीने हे भावाला एकदाच सांगितलं. रावजीने मुंडाशाला हात लावला आणि म्हणाला, मी आहे.

गोळपवाले यायच्या आदल्या दिवशी दुपारपासून पाऊस भरून आला. मांडवात अंधारलं. भिकाजीने कंदील आणून टेकवला. रावजीने महिपतच्या घरचा गणपती मांडीवर घेतला, श्वास धरला आणि डोळे आखले. मग मूर्ती समोर ठेवून लांबून बघितली. लांबचं त्याला स्वच्छ दिसत होतं. एक डोळा समोर बघत होता आणि दुसरा मांडवाच्या खांबावरच्या पालीकडे.

गणपती तिरळा झाला होता.

धोंडूने मान खाली घातली. भिकाजी चुलीत लाकूड सारायला गेला. रावजी कंदिलाला नावं ठेवू लागला, मग काजळी पातळ झाली म्हणाला, मग पावसावर घसरला. सोनूबाई पदराला हात पुसत पुढे आली. ती त्याला सगळ्यांसमोर कधी बोलत नसे; त्या दिवशी बोलली. “कंदिलाला कशाला बोलता? तुमाला दिसत नाय, ता मला दोन वर्सां ठाव हाय. तांदूळ निवडताना खडे मी काढते, तुमी तांदूळच काढता.”

रावजी बराच वेळ त्या तिरळ्या डोळ्यांकडे बघत बसला. पुढे ओळीत गोळपचे बाकीचे गणपती डोळ्यांवाचून बसले होते. शाळा जाईल याची त्याला भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती दुसरी होती: कुंचला दिला आणि शाळा वाचली तर? मग ती कोणी वाचवली हे घरातल्या सगळ्यांना कळणार होतं. एवढा वेळ त्याच्या मनात शाळा आणि मत्सर यांचा झगडा चालला, आणि मत्सर काही कमी पडत नव्हता. शेवटी त्याला गंगाराम आठवला. बापाने शाळा वाढवली नव्हती, पण तिरळा गणपती घराबाहेर कधी जाऊ दिला नव्हता.

त्याने मुंडाशातून कुंचला काढला. भासऱ्याने भावजयीच्या हातात काही द्यायचं नसतं, म्हणून एका मोकळ्या पाटावर ठेवला, पाट पायाने जरासा पुढे सरकवला आणि पाठ करून बसला.

मथुराने मधे चटई उभी करून घेतली आणि तिच्याआड बसली. आधी तिने तिरळ्या डोळ्यांवर पांढरा हात दिला, तो धगीवर सुकवला. रावजीला दिसत काही नव्हतं, पण कानांना सगळं कळत होतं. मूर्ती उचलल्याचा आवाज, मग शांतता, मग मूर्ती खाली ठेवल्याचा आवाज. ती शांतता फार लहान होती. त्याला स्वतःला एका मूर्तीला लागायचा तेवढ्या वेळात तिच्या तीन होत होत्या. जरा हळू काम कर, माझी लाज ठेव, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. दिवेलागण होईपर्यंत ओळ संपली.

सकाळी पाऊस थांबला. महिपत आपली माणसं घेऊन आला, गणपतीसमोर उभा राहिला, उजवीकडे सरकला, डावीकडे सरकला, आणि त्याने हात जोडले. “रावजीबुवा, तुमच्या बापसाचं काम बघितलेला मी माणूस हाय. हे डोळे त्याच्यावरचे झाले.” त्याने वाकून रावजीच्या पायांना हात लावला.

सोनूबाई दाराआडून बघत होती. चटईमागे बांगड्यांचा आवाज थांबला होता. रावजीने ‘देवाची कृपा’ म्हटलं आणि मुंडासं चाचपलं, तिथे काही नव्हतं. जन्मभर ज्या वाक्याची वाट बघितली ते त्याला त्याच्याच नावाने ऐकायला मिळालं होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं. स्तुती झाली त्याची आणि पोटात दुखलंही त्याच्याच. पुढच्या वर्षी पावसचे पाटही घ्याल का, असं विचारून मंडळी गणपती डोक्यावर घेऊन खाडीकडे गेली.

दुसरे पाटही गेले. हरितालिकेच्या संध्याकाळी मांडवात एकच मूर्ती राहिली, घरची. घरच्या गणपतीची आखणी सगळ्यात शेवटी करायची, ही गंगारामची रीत. ही तरी माझी, असं रावजीने मनाशी धरलं होतं. मथुराने कुंचला धुऊन त्याच पाटावर परत ठेवला होता. त्याने तो उचलला, मूर्ती मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघितलं. धुकं होतं तसंच होतं. मग त्याने मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, कोणाच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडाने म्हणाला, “मथुरा, घरचा तू आख.”

सोनूबाईच्या हातातली पळी पडली. मथुरा पुढे आली, पदर तसाच होता, पण चटई उभी केली नाही. रावजीच्या समोर बसून तिने डोळे आखले आणि तो बघत राहिला.

हे त्याने केलं म्हणून त्याचं मन निवळलं असं समजू नका. गणपती घरात बसला आणि त्याच्या हालाला पारावार राहिला नाही. आरतीला उभं राहिलं की ते डोळे त्याच्याकडेच बघायचे. तो बाजूला सरकायचा, तर तिकडेही बघायचे. शेवटी त्याने उंदराकडे बघत आरत्या म्हटल्या. आलागेला प्रत्येक जण मखरासमोर थबकायचा, डोळे काय आखलेत म्हणायचा, आणि रावजी मान डोलवायचा. घरचा गणपती गौरींबरोबर जायचा, त्याआधी नाही, नाहीतर यंदा दीड दिवसात पाठवला असता असं त्याने मनात चारदा म्हणून घेतलं.

गौरींबरोबर गणपती निघाला. मांडवीच्या वाळूत आरती झाली आणि रावजी मूर्ती घेऊन एकटाच पाण्यात शिरला, छातीपर्यंत. बुडवण्याआधी त्याने एकदा ते डोळे सरळ बघून घेतले. मग हात खाली नेले. पाणी जरा काळं झालं आणि निवळलं. घमेल्यात वाटलं होतं तसं बरं वाटेल अशी त्याची खात्री होती, म्हणून तो थांबला, वाट बघत. बरं वाटलं नाही. डोळे विरले होते. हात घरी होता, आणि उद्या सकाळी उठून तो पुन्हा काहीही आखू शकत होता. त्या हाताला कुठल्या पाण्यात बुडवणार? आणि बुडवला तर पावसचे पाट घ्यायचे कोणाच्या जिवावर?

रिकामा पाट आणि त्यावर रीतीप्रमाणे मूठभर वाळू घेऊन तो परत आला. दारात सोनूबाई पाट घ्यायला उभी होती. तिला ओलांडून त्याने तो मथुराच्या हातात दिला. वाळूवर मुंडाशातून काढलेला गंगारामचा कुंचला आडवा ठेवला होता.

“भिकाजीला म्हणावं, पावसच्या लोकांना हो कळव,” तो तिला म्हणाला, आणि ओले कपडे बदलायला आत गेला.

पुढच्या वर्षी मांडव परसापलीकडे सरकला. डोळे मथुरा आखायची, नाव रावजीचं चालायचं, आणि कोणी स्तुती केली की रावजी आत बोट दाखवून सांगायचा की आमच्या मथुराचं काम आहे. प्रत्येक वेळी सांगताना त्याच्या पोटात दुखायचं. तो मरेपर्यंत दुखलं, आणि मरेपर्यंत तो सांगत राहिला.